मॉन्सून, उत्तर अमेरिकी

मॉन्सून, उत्तर अमेरिकी : मेक्सिकोचा वायव्य भाग आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नैर्ऋत्य भाग यांवर उन्हाळ्याच्या उत्तरार्धात वातावरणाच्या वरच्या थरांतील वाऱ्यांची दिशा बदलते व दमट हवा वाळवंटी प्रदेशात शिरते. तीमुळे जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जो गडगडाटी पाऊस पडतो, त्या ऋतुमानाला उत्तर अमेरिकी मॉन्सून म्हणतात. वायव्य मेक्सिकोतील काही भागांना वर्षाच्या पावसापैकी ६० ते ७० टक्के पाऊस या ऋतूत मिळतो. ॲरिझोना व न्यू मेक्सिको या राज्यांत हे प्रमाण साधारणपणे निम्म्याच्या आसपास असते. पावसाचे मान भारतीय वाचकास क्षुल्लक वाटेल इतके कमी असले, तरी रखरखीत उच्चभूमीवरील शेती, कुरणे, जंगले व वन्य जीव यांचे वेळापत्रक त्यावरच ठरते. शिवाय हा पाऊस विजा, झंझावात, धुळीचे लोट व आकस्मिक पूर यांसह येत असल्याने तो जीवनदायी तसाच प्राणघातकही ठरतो.

नावे व व्याख्या : मॉन्सून हा शब्द ऋतू या अर्थाच्या अरबी शब्दापासून आला असून तो मुळात अरबी समुद्रावरील ऋतुमानानुसार दिशा बदलणाऱ्या वाऱ्यांना उद्देशून वापरला जाई. अमेरिकेतील या आविष्काराला ‘मेक्सिकन मॉन्सून’, ‘ॲरिझोना मॉन्सून’ व ‘नैर्ऋत्य मॉन्सून’ अशीही नावे आहेत. त्याचे मुख्य क्षेत्र मेक्सिकोत असल्याने पहिले नाव अधिक यथार्थ आहे, असे काही वातावरणवैज्ञानिक मानतात. पूर्वी ॲरिझोनात मॉन्सूनचे आगमन दवबिंदू तापमानावरून (ज्या तापमानाला हवेतील बाष्प संपृक्त होते त्या तापमानावरून) ठरवीत. फिनिक्स व टूसॉन या शहरांत सरासरी दवबिंदू सलग तीन दिवस सुमारे १२° ते १३° से. किंवा त्याहून अधिक राहिला, म्हणजे मॉन्सून सुरू झाला असे जाहीर होई. परंतु सामान्य नागरिकांना नेमक्या आगमनदिनापेक्षा धोक्याच्या काळाची जाणीव असणे अधिक महत्त्वाचे असल्याने २००८ पासून तेथील राष्ट्रीय हवामान सेवेने १५ जून ते ३० सप्टेंबर हा ठराविक कालखंड मॉन्सूनचा हंगाम म्हणून निश्चित केला.

भूरचना व मूळ हवामान : या प्रदेशाचा कणा म्हणजे मेक्सिकोतील सिएरा माद्रे ऑक्सिदेंताल ही पर्वतरांग होय. तिच्या पश्चिमेस कॅलिफोर्नियाचे आखात हा उष्ण पाण्याचा लांब, अरुंद पट्टा आहे. उत्तरेस सोनोरा वाळवंट पसरलेले असून फिनिक्स (उंची सुमारे ३३० मी.) व टूसॉन (सुमारे ७३० मी.) ही शहरे त्यात येतात. त्याच्याही उत्तरेस मोगोयोन कडा हा दीर्घ भूभ्रंशसदृश उतार चढून गेल्यावर कोलोरॅडो पठाराची उच्चभूमी लागते. येथील बहुतेक भाग समुद्रसपाटीपासून १,५०० मी. हून अधिक उंच आहे. फ्लॅगस्टाफ सुमारे २,१०० मी. उंचीवर असून त्याच्या शेजारचे हंफ्रीज शिखर ३,८५१ मी. उंच आहे. पूर्वेस रीओ ग्रँड नदीच्या खोऱ्यातील ॲल्बकर्की सुमारे १,६०० मी. उंचीवर वसले आहे. वायव्येस नेव्हाडातील ग्रेट बेसिन हा उंच, बंदिस्त जलनिर्गमाचा वाळवंटी प्रदेश असून तेथे मॉन्सूनचा प्रभाव अधूनमधूनच पोहोचतो.

येथे पाऊस दोन ऋतूंत विभागलेला आहे. हिवाळ्यात पॅसिफिक महासागरावरून येणारी अभिसारी चक्रवाते उच्चभूमीवर बर्फ व खालच्या वाळवंटात मंद, दीर्घकाळ टिकणारा पाऊस देतात. एप्रिल ते जून हा काळ मात्र जवळजवळ कोरडा जातो. जूनमध्ये आकाश निरभ्र असते व दुपारची सापेक्ष आर्द्रता अनेकदा १० टक्क्यांच्याही खाली जाते. गवत, झुडपे व पाइन वृक्षांची गळालेली सूचिपर्णे पेटण्याजोगी वाळतात. मॉन्सूनची वाट पाहिली जाते ती या पार्श्वभूमीवर.

निर्मितीची कारणे : उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीमुळे कोलोरॅडो नदीच्या खालच्या खोऱ्यावर औष्णिक न्यूनदाबाचे क्षेत्र तयार होते आणि कॅलिफोर्नियाच्या आखातावरून जमिनीलगतची दमट हवा तिकडे ओढली जाते. हे वर्णन भारतीय मॉन्सूनच्या रूढ स्पष्टीकरणाशी जुळणारे आहे. पण एवढ्याने काम भागत नाही. कारण जूनमध्ये जमीन अतिशय तापलेली असूनही पाऊस पडत नाही. निर्णायक बदल सुमारे ३ ते ६ किमी. उंचीवरील वाऱ्यांत होतो. जूनमध्ये उपोष्ण कटिबंधीय अपसारी चक्रवाताचे (उच्च दाबाच्या क्षेत्राचे) केंद्र मेक्सिकोवर असते व ॲरिझोनावर कोरडे पश्चिमी वारे वाहतात. जुलैच्या आरंभी हे केंद्र उत्तरेकडे सरकून ॲरिझोना, न्यू मेक्सिको, कोलोरॅडो व यूटा ही राज्ये जेथे एकमेकांस भिडतात, त्या चौकोनाच्या परिसरात स्थिरावते. उच्च दाबाभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असल्याने त्याच्या दक्षिण कडेस पूर्वेकडून व आग्नेयीकडून वारे येऊ लागतात आणि कोरड्या हवेची जागा दमट हवा घेते.

या बाष्पाचा उगम कोठे, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. १९५५ मध्ये रीड ब्रायसन व विल्यम लाउरी यांनी ॲरिझोनातील उन्हाळी पावसाचा एकाएकी होणारा प्रारंभ वाऱ्यांच्या मोठ्या प्रमाणावरील फेरबदलाशी जोडून दाखविला. त्या काळी मेक्सिकोचे आखात हाच बाष्पाचा मुख्य स्रोत मानला जाई. १९७० नंतरच्या दशकात जॉन हेल्स यांनी कॅलिफोर्नियाच्या आखातावरून उत्तरेकडे झेपावणाऱ्या दमट हवेच्या लोंढ्यांचे महत्त्व दाखवून दिले. पूर्व पॅसिफिकमधील उष्ण कटिबंधीय वादळे अथवा पूर्वेकडून येणाऱ्या वातलहरी आखाताच्या मुखाजवळून गेल्या, की असे लोंढे उठतात आणि एकदोन दिवसांत दक्षिण ॲरिझोनात दवबिंदू झपाट्याने चढतो. आज सर्वसाधारणपणे असे मानले जाते, की जमिनीलगतचे बाष्प मुख्यतः कॅलिफोर्नियाच्या आखातातून व पूर्व पॅसिफिकमधून येते, वरच्या थरांत मेक्सिकोच्या आखाताचाही वाटा असतो, आणि पाऊस सुरू झाल्यावर ओली जमीन व पालवलेल्या वनस्पती यांतून होणारे बाष्पीभवनही भर घालते.

पर्वतांच्या भूमिकेविषयीही विचार बदलत आहेत. उंच जमीन तापून हवा वर खेचते, हे जुने स्पष्टीकरण होते. विल्यम बूस व साल्वातोरे पास्काले यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संगणकीय प्रतिकृतींच्या अभ्यासानुसार सिएरा माद्रे रांग पश्चिमी वेगवान प्रवाहाच्या मार्गात यांत्रिक अडथळा म्हणून उभी राहते. त्यामुळे प्रवाह दक्षिणेकडे वळतो व उष्ण, दमट हवेला पर्वताच्या उतारावर चढण्यास भाग पाडतो. हे मत ग्राह्य ठरल्यास मॉन्सूनच्या गाभ्याचे स्वरूप केवळ औष्णिक आहे, ही कल्पना सोडून द्यावी लागेल.

भारतीय मॉन्सूनशी तुलना : वाऱ्यांची ऋतुमानानुसार दिशा बदलणे, तापलेली भूमी, उंच पर्वत व पावसाचा एकाएकी होणारा प्रारंभ या बाबतींत दोन्ही ठिकाणी साम्य आहे, प्रमाण व स्वरूप यांत मात्र मोठा फरक आहे. भारतात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सुमारे ८७ सेंमी. पाऊस पडतो, टूसॉनला मॉन्सूनच्या हंगामात सरासरी सुमारे १४.५ सेंमी. व फिनिक्सला सुमारे ६ सेंमी. पडतो. कोकणातील झडीप्रमाणे दिवसेंदिवस लागून राहणारा पाऊस तेथे क्वचितच दिसतो. सकाळी निरभ्र आकाश, दुपारी डोंगरमाथ्यांवर चढणारे ढग, सायंकाळी वारा, धूळ, विजा आणि अर्ध्या-पाऊण तासाची सर हा तेथील क्रम असतो. महाराष्ट्राच्या देशावर एप्रिल-मे महिन्यांत पडणारा वळवाचा पाऊस या वर्णनाशी अधिक जुळतो. मात्र देशावर वळीव हा मुख्य पावसाळ्याचा अग्रदूत असतो, तर अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात वळवासारख्या सरी हाच संपूर्ण पावसाळा होय.

हंगामाचा क्रम : जूनमध्ये दक्षिण व पश्चिम मेक्सिकोत पावसास आरंभ होतो आणि तो सिएरा माद्रेच्या पश्चिम उतारावरून उत्तरेकडे सरकत जातो. जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास तो ॲरिझोना व न्यू मेक्सिकोत पोहोचतो. कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या उत्तर भागातील पाण्याचे पृष्ठतापमान सुमारे २९° से. पर्यंत चढल्यानंतर ॲरिझोनातील पावसाला जोर येतो, असे आढळले आहे. जुलैचा उत्तरार्ध व ऑगस्ट हा ऐन हंगाम असतो. सप्टेंबरमध्ये उच्च दाबाचे केंद्र दक्षिणेकडे परतते, पश्चिमी वारे पुन्हा प्रस्थापित होतात व मॉन्सून ओसरतो. या परतीच्या काळात पॅसिफिकमधील एखाद्या उष्ण कटिबंधीय वादळाचे उरलेसुरले बाष्प उत्तरेकडे ओढले गेल्यास हंगामातील सर्वांत मोठा पाऊसही पडू शकतो.

पाऊस सर्वत्र एकाच वेळी पडत नाही. प्रथम मध्यान्हीच्या सुमारास उंच शिखरांवर मेघ वाढतात, दुपारनंतर ती वादळे उतारांवर सरकतात आणि सायंकाळी किंवा रात्री खालच्या वाळवंटी मैदानात पोहोचतात. म्हणून फ्लॅगस्टाफला दुपारी पाऊस पडून गेल्यावर कित्येक तासांनी फिनिक्समध्ये वादळ येते, आणि अनेकदा ते तेथवर पोहोचतही नाही.

गडगडाटी वादळाची घडण : उच्चभूमीवरील वादळांचे वैशिष्ट्य ढगांच्या उंच तळात आहे. जमिनीलगतचे तापमान व दवबिंदू यांच्यातील अंतर जितके अधिक, तितकी हवा अधिक उंच चढल्यावर तीतील बाष्पाचे संघनन होते. दर अंशास सुमारे १२५ मी. या स्थूल नियमाने तापमान ३५° से. व दवबिंदू १०° से. असल्यास ढगाचा तळ जमिनीपासून सुमारे ३ किमी. उंचीवर येतो. तापमान २८° से. व दवबिंदू १४° से. असल्यास तो सुमारे १.७५ किमी. इतका खाली उतरतो. या साध्या फरकावर पावसाचे भवितव्य अवलंबून असते. उंच तळाच्या ढगातून सुटलेले थेंब खालच्या कोरड्या थरातून पडताना वाटेतच वाफ होऊन जातात. अशा वेळी ढगाखाली लोंबणाऱ्या करड्या झालरी दुरून दिसतात, पण जमीन कोरडीच राहते. या आविष्काराला व्हर्गा म्हणतात.

थेंबांच्या बाष्पीभवनासाठी लागणारी सुप्त उष्णता भोवतालच्या हवेतून घेतली जाते. त्यामुळे ती हवा थंड व जड होऊन वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून सर्व दिशांना पसरते. या अधःप्रवाहाचा वेग ताशी ८० ते १०० किमी. पर्यंत किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. टेट्सुया फुजिता यांनी अशा आघाती अधःप्रवाहांचा पद्धतशीर अभ्यास केला व विमानांच्या उड्डाण-अवतरणास त्यांपासून असलेला धोका दाखवून दिला. पाऊस नसतानाही असा झोत येऊ शकतो, हे उच्चभूमीवर विशेष ध्यानात ठेवावे लागते. पसरणाऱ्या थंड हवेची पुढची कड उष्ण हवेला पाचरीप्रमाणे वर उचलते व त्यातून नवीन मेघ जन्मास येतात. अशा रीतीने एका वादळातून दुसरे निर्माण होत वादळांची साखळी पुढे सरकते.

कोरडी वादळे व वणवे : हंगामाच्या आरंभी वरच्या थरांत बाष्प आलेले असते, पण खालचा थर अद्याप शुष्क असतो. अशा दिवसांत वीज जमिनीवर पडते, पाऊस मात्र पडत नाही. वाळलेल्या रानात ही स्थिती अत्यंत धोक्याची असते. ॲरिझोनातील यार्नेल या गावाजवळ २८ जून २०१३ रोजी विजेमुळे लागलेला वणवा याचे विदारक उदाहरण आहे. ३० जून रोजी ईशान्येकडून आलेल्या गडगडाटी वादळांच्या थंड झोतामुळे वाऱ्याची दिशा अल्पावधीत बदलली, आगीची आघाडी दक्षिणेकडे वळली व तीत सापडून एकाच पथकातील १९ अग्निशामक मृत्युमुखी पडले. ज्या मेघांकडून आग विझण्याची अपेक्षा धरावी, त्यांनीच ती लावली व त्यांनीच ती फिरवली. त्यामुळे वणवे विझविणाऱ्या पथकांसाठी वादळी झोतांच्या पूर्वसूचनेला असाधारण महत्त्व आले आहे.

मॉन्सून नीट सुरू झाला, की हवेतील आर्द्रता वाढून वणव्यांचा मुख्य हंगाम सर्वसाधारणपणे संपतो. तो आठवडा-दोन आठवडे लांबल्यास जळणाऱ्या क्षेत्रात मोठी भर पडते.

धुळीच्या भिंती : खालच्या वाळवंटात अधःप्रवाहाची कड सैल माती उचलून धुळीची उंच भिंत उभी करते. सूदानमध्ये अशा वादळांना हबूब म्हणतात. ॲरिझोनातील १६ जुलै १९७१ च्या वादळाचे वर्णन १९७२ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यानंतर ही संज्ञा अमेरिकेतही रूढ झाली. ५ जुलै २०११ रोजी फिनिक्सवर आलेली धुळीची भिंत सुमारे दीड किमी. किंवा अधिक उंच व तिची आघाडी जवळजवळ १६० किमी. लांब होती. अशा वेळी महामार्गावर काही क्षणांत दृष्टीस काही दिसेनासे होते व वाहनांच्या साखळी-टकरी होतात. वाहन रस्त्याच्या पूर्ण बाहेर थांबवून सर्व दिवे बंद करावेत, अशी सूचना दिली जाते. कारण दिवे चालू राहिल्यास मागील चालक त्यांच्या रोखाने येऊन आदळण्याचा संभव असतो. या प्रदेशातील मातीत कॉक्सिडिऑइडिस या कवकाचे बीजाणू असतात. ते धुळीबरोबर श्वासावाटे शरीरात गेल्यास ‘व्हॅली ज्वर’ हा फुप्फुसाचा विकार होतो.

आकस्मिक पूर : वाळवंटातील उघडा खडक, टणक माती व विरळ वनस्पती यांमुळे जोरदार सरीचे पाणी मुरण्याआधीच वाहू लागते. वर्षातील बहुतेक काळ कोरडे असणारे ओढे काही मिनिटांत दुथडी भरून वाहतात. वादळ अवघ्या काही किमी. रुंदीचे असल्याने पूर येतो तेथे पाऊस पडलेला असेलच असे नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी उत्तर ॲरिझोनातील अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीत ११ पर्यटक वाहून गेले. पाऊस प्रामुख्याने घळीच्या वरच्या अंगास, दूर अंतरावर झाला होता. त्यानंतर वाटाड्यावाचून तेथे प्रवेश देणे बंद करण्यात आले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी यूटातील झायन राष्ट्रीय उद्यानातील कीहोल कॅन्यनमध्ये सातजण दगावले व त्याच दिवशी हिल्डेल गावात वाहने पुरात सापडून आणखी बळी गेले. शहरांतील मृत्यू बहुधा पाण्याखालील रस्त्यावर वाहन घातल्याने होतात. ॲरिझोना राज्याने १९९५ मध्ये केलेल्या कायद्यानुसार अडथळे ओलांडून पुरात वाहन नेणाऱ्या चालकाकडून त्याच्या सुटकेचा खर्च वसूल करता येतो.

वणवा व पूर यांचा संबंध विशेष लक्षणीय आहे. जळालेल्या उतारावर पाणी धरून ठेवणारा पालापाचोळा उरत नाही व मातीचा वरचा थर पाणी झिडकारू लागतो. त्यामुळे एरव्ही निरुपद्रवी ठरली असती अशी सरही राख, दगड व ओंडके घेऊन खाली येते. जून २०१० मध्ये फ्लॅगस्टाफजवळील शुल्ट्झ वणव्यात सुमारे ६,००० हेक्टर जंगल जळाले व पुढच्याच महिन्यात खालच्या वस्तीत आलेल्या पुरात एका मुलीचा मृत्यू झाला. न्यू मेक्सिकोतील रुइडोसो या डोंगरी गावाभोवतीची जंगले जून २०२४ मध्ये जळाली. ८ जुलै २०२५ च्या पुरात तेथे तिघांचे बळी गेले, त्यांत दोन मुले होती.

या पाण्याचा मोठा भाग दूरवर जात नाही. टूमस्टोनजवळील वॉलनट गल्च या सुमारे १५० चौ. किमी. क्षेत्राच्या प्रायोगिक पाणलोटात १९५३ पासून दाट पर्जन्यमापकांच्या साहाय्याने निरीक्षणे चालू आहेत. तेथील जवळजवळ सर्व पृष्ठप्रवाह उन्हाळी गडगडाटी पावसामुळे निर्माण होतो, पण वाटेतील वाळूचे पात्र त्यातील बराचसा शोषून घेते, असे त्यावरून दिसून आले आहे.

खंड व शुष्क हवा : भारतीय मॉन्सूनप्रमाणेच येथेही पावसात खंड पडतात. उच्च दाबाचे केंद्र थेट माथ्यावर येऊन बसल्यास हवा खाली दबते, ढगांची वाढ खुंटते व तापमान चढते. ते दक्षिणेकडे किंवा पूर्वेकडे ढकलले गेल्यास पॅसिफिकवरील द्रोणीच्या पुढील बाजूने कोरडे नैर्ऋत्य वारे शिरतात व बाष्प न्यू मेक्सिकोच्या पूर्वेस लोटले जाते. नेव्हाडाच्या उच्चभूमीवर, म्हणजे मॉन्सूनच्या सीमेवर, हा बदल ठळकपणे जाणवतो. दोन-तीन दिवस मेघगर्जना होते, थोडा शिडकावा होतो आणि मग कोरड्या, सोसाट्याच्या वाऱ्याने हवा पुन्हा शुष्क होते. विजांमुळे धुमसत राहिलेल्या लहान आगी नेमक्या याच वाऱ्यांनी भडकतात. म्हणून वादळाच्या दिवसाइतकाच त्यानंतरचा कोरडा दिवसही धोक्याचा मानला जातो.

मॉन्सून एका वर्षापासून दुसऱ्या वर्षी कमालीचा बदलतो. ॲरिझोना राज्यात २०२० चा मॉन्सून नोंदीतील सर्वांत कोरडा ठरला. लगेच पुढील वर्षी, जुलै २०२१ मध्ये, टूसॉनला एका महिन्यात सुमारे २०.५ सेंमी. पाऊस पडून तो तेथील नोंदीतील सर्वांत ओला महिना ठरला. २०२३ मध्ये फिनिक्सला संपूर्ण हंगामात अर्धा सेंमी. देखील पाऊस पडला नाही व सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३.३° से. (११०° फॅ.) किंवा त्याहून अधिक राहिले. फिनिक्स ज्या मॅरिकोपा परगण्यात आहे, तेथे त्या वर्षी उष्णतेशी निगडित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. एरव्ही सायंकाळच्या वादळाने मिळणारा दिलासा त्या उन्हाळ्यात जवळजवळ लाभलाच नाही.

जीवसृष्टी व लोकजीवन : येथील अनेक जीव मॉन्सूनशी जुळवून घेतलेले आहेत. सवारो या उंच निवडुंगाची फळे जूनअखेर पिकतात व पावसाच्या तोंडावर त्यांचे बी जमिनीवर पडते. कुदळपायी बेडूक वर्षाचा बहुतेक काळ जमिनीत गाडून घेऊन काढतात. पावसाच्या व गडगडाटाच्या कंपनांनी ते वर येतात व तात्पुरत्या डबक्यांत अंडी घालतात. डबके आटण्यापूर्वी, काही जातींत आठ-दहा दिवसांतच, त्यांच्या भैरांचे बेडकांत रूपांतर होते. पाऊस येताच क्रीओसोट या झुडपाच्या राळयुक्त पानांचा उग्र गंध सर्वत्र पसरतो.

सोनोरा वाळवंटातील तोहोनो ओओधाम लोकांचे नववर्ष सवारोच्या फळांच्या हंगामाशी निगडित आहे. फळांच्या रसापासून केलेले मद्य पावसाला आवाहन करण्याच्या विधीत प्राशन केले जाते. ओढ्यांच्या मुखाशी पसरणाऱ्या पुराच्या पाण्यावर ते टेपरी घेवडा व मका पिकवीत आले आहेत. उत्तर ॲरिझोनातील होपी लोक मक्याचे बी बोटभर नव्हे, तर हातभर खोल ओलीत टोबतात. हिवाळी बर्फाच्या ओलीवर ते उगवते व उन्हाळी सरींवर कणसे भरतात. म्हणजे दोहोंपैकी एक पाऊस चुकला, तरी पीक हातचे जाते. नॅव्हाहो भाषेत विजांसह कोसळणाऱ्या पावसाला ‘नर पाऊस’ व शांतपणे झिमझिमणाऱ्या पावसाला ‘मादी पाऊस’ म्हणतात. स्पॅनिश परंपरेत २४ जून हा संत जॉनचा दिवस पावसाळ्याच्या आरंभाचा मानला जातो.

दीर्घकालीन बदल : ॲरिझोना विद्यापीठातील अँड्रू डग्लस यांनी वृक्षांच्या वार्षिक वलयांवरून गतकाळातील पर्जन्यमान काढण्याची पद्धत विकसित केली. १२७६ ते १२९९ या काळातील दीर्घ अवर्षण त्यांनीच उजेडात आणले. मेसा व्हर्डे येथील कड्यांतील वस्त्या सुमारे याच काळात ओस पडल्या. तथापि अवर्षण हे त्याचे एकमेव कारण नव्हते, असे पुरातत्त्वज्ञ मानतात. वलयाचा आधी वाढणारा फिकट भाग मुख्यतः हिवाळी ओलीची, तर नंतरचा गडद भाग उन्हाळी पावसाची साक्ष देत असल्याने दोन्ही ऋतूंचा इतिहास आता वेगवेगळा वाचता येतो.

वलयांवर आधारित व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०२१ हा काळ नैर्ऋत्य अमेरिकेत निदान इ. स. ८०० पासूनचा सर्वांत कोरडा २२ वर्षांचा काळ होता. मातीतील ओलीच्या तुटीपैकी सुमारे ४२ टक्के वाटा मानवनिर्मित हवामानबदलाचा असल्याचा अंदाज त्यात दिला आहे. तापलेली हवा जमीन व वनस्पती यांतून अधिक पाणी शोषून घेते. त्यामुळे पाऊस तितकाच पडला, तरी शुष्कता वाढते. जुलै २०२२ मध्ये कोलोरॅडो नदीवरील मीड सरोवराची पातळी १९३७ मध्ये ते प्रथमच भरत असतानाच्या काळापासूनच्या नीचांकापर्यंत उतरली. सुमारे चार कोटी लोकांना पाणी पुरविणारी ही नदी मुख्यतः पर्वतांवरील हिवाळी बर्फावर अवलंबून आहे. जोमदार मॉन्सूनने कुरणे हिरवी होतात, वणवे शमतात व शहरांची पाण्याची मागणी घटते, परंतु मोठे जलाशय त्याने भरत नाहीत.

तापमानवाढीमुळे मॉन्सूनचे एकूण पर्जन्यमान घटण्याची शक्यता काही प्रतिकृतींनी दर्शविली आहे (२०१७). त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात सर्वांत जोरदार सरी अधिक तीव्र होत असल्याचे आढळले. हे दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी नाहीत. पावसाचे दिवस कमी व पडेल तो पाऊस अधिक आडदांड, अशा ऋतूत अवर्षण व पूर दोन्ही वाढू शकतात.

संशोधन व पूर्वसूचना : न्यू मेक्सिकोतील सोकोरोजवळच्या मॅग्डालेना पर्वतावर १९६३ मध्ये स्थापन झालेल्या लँगम्यूर प्रयोगशाळेत गडगडाटी ढगांतील विद्युत् भाराचा अभ्यास केला जातो. १९९० मध्ये नैर्ऋत्य भागातील मॉन्सूनविषयी क्षेत्रीय प्रकल्प हाती घेण्यात आला आणि २००४ च्या उन्हाळ्यात अमेरिका व मेक्सिको यांनी संयुक्तपणे ‘उत्तर अमेरिकी मॉन्सून प्रयोग’ पार पाडला. पर्वतांमुळे रडारच्या शलाकेस अडथळा येणे, मेक्सिकोच्या बाजूस निरीक्षणस्थाने विरळ असणे आणि वादळांचा आकार लहान असणे या पूर्वानुमानातील प्रमुख अडचणी आहेत. कोणत्या दिवशी वादळे संभवतात, हे बऱ्याच विश्वासाने सांगता येते. ती नेमकी कोणत्या खोऱ्यावर फुटतील, हे मात्र काही तास आधीही सांगणे कठीण असते. म्हणूनच जळालेल्या उतारांच्या पायथ्याशी असलेल्या वस्त्यांत स्वयंचलित पर्जन्यमापक व ओढ्यांच्या पातळीचे संवेदक बसविण्यावर आणि भ्रमणध्वनीद्वारे त्वरित इशारा पोहोचविण्यावर भर दिला जात आहे.